एकशेवीस टक्के

बावीस इंची मॉनिटर आणला, हप्त्यानं,
शंभर फुटीवरून, सुकुमारच्या लुनामागं बसून, मांडीवर धरून.
टेबलावरचं जुनं फुगीर धूड उचललं
तर मागच्या भिंतीवर त्याच्या मापाचा
पांढरा चौकोन निघाला.

कार्ड मात्र तेच.
पाच सालच्या पुरात आधी माळ्यावर चढवलेल्या
कॅबिनेटच्या पोटातलं,
सुरू होताना खोकणारं, मग कामाला लागणारं.
त्याला एवढी रुंदी माहीतच नव्हती.
आठशे सहाशे, हजार चोवीस सातशे अडुसष्ट,
इथवरच त्याचा पाढा.
मग होतं तेच त्यानं ओढून
दोन्ही कडांना पोचवलं,
चौघांच्या वरणात पाणी घालून
सहाजण उठवावेत तसं.

वर्तुळांची अंडी झाली.
पत्रिकेतला गणपती आडवा सुटला, त्याला शोभलं.

सुकुमार बिरनाळेनं झाकण काढून बॅटरी मारली.
"नवं कार्ड बसत न्हाई ह्याला. खाचच येगळी.
खाच बदलायची तर बोर्ड, बोर्ड बदलला की प्रोसेसर,
मग रॅम, मग सप्लाय..."
मोजता मोजता तो दुसऱ्या हातावर गेला.
म्हटलं, चहा घे.
कंपनीनं ह्याचा शेवटचा ड्रायव्हर काढला
तेव्हा माझी थोरली बालवाडीत होती.
आता सायकलची चेन स्वतः बसवते.

तेवढ्यात त्रिशलाबाई मगदूम आल्या.
पुण्यस्मरणाचा फ्लेक्स, सहा बाय चार.
पाकिटातून फोटो काढला, पेन्शनच्या फॉर्मसाठीचा,
शेवटच्या महिन्यातला.
"दुसरा न्हाई ओ. होते ते पुरात गेले."

बाबगोंडा मार्केट यार्डात तोलाईदार.
हळदीचं पोतं गुडघ्यानं ढकलून
काट्याआधी आकडा सांगायचे म्हणे.

स्कॅनरचा उजेड सरकत गेला
आणि पडद्यावर बाबगोंडा आले:
गाल भरलेले,
मान कॉलरात मावेना,
हाडं कुठं गेली कळेना.

मी तोंड उघडलंच होतं,
की बाई, हा कार्डाचा दोष आहे,
तर त्या पिशवी छातीशी धरून म्हणाल्या,
"बगा की. दुखण्याआधी हे असंच होते."
मग बऱ्याच वेळानं,
"असंच ऱ्हाऊ द्या."

त्या गेल्यावर
मॉनिटरच्या कडेची बटणं दाबत दाबत
'प्रमाण राखा' सापडलं.
दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या
आणि मधे तो माणूस,
गालफडं बसलेली, डोळे तेवढे मोठे.
छापून येणार तो हाच.
फ्लेक्सच्या मशीनला
माझा पडदा दिसत नाही.

कॅल्क्युलेटर घेतला.
सोळा भागिले दहा, त्याला तीननं गुणून चारनं भागलं.
एक पूर्णांक दोन.
कोरलमध्ये उंचीला हात न लावता
रुंदीच्या घरात एकशेवीस लिहिलं, एंटर मारलं.
पट्ट्यांच्या मधे, खऱ्या प्रमाणात,
बाबगोंडा भरून आले.

बारा वर्षांच्या धंद्यात
लोकांचे देवीचे वण पुसले, मिशा काळ्या केल्या,
एका सरपंचाला त्याच्याच भावाचे दात बसवले.
वजन कुणाला घातलं नव्हतं.
तेही तोलाईदाराला.

बिल चोवीस फुटांचंच लावलं.

मग लक्षात आलं, सदऱ्याची बटणं लांबुळकी झालीत.
फोटोत दोनच होती.
गळ्याजवळचं गोल करून घेतलं.
खालच्यावर माऊस नेला, आणि तिथंच थांबलो.
भरल्या अंगाच्या माणसाचं तिथलं बटण
थोडं ताणलेलंच असतं.